मुतखड्यासाठी गोखरू, वायवर्णा, पाषाणभेद: काढा नेमका कसा करायचा, आणि कोणी घेऊ नये?

माणदेशी

घरातल्या ४३ वर्षांच्या पुरुषाला उजव्या मूत्रवाहिनीत, अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी ६ मिमीचा खडा आहे. सोनोग्राफीत त्या बाजूच्या किडनीला थोडी सूज दिसते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.०, लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० रोज चालू आहे. युरॉलॉजिस्टनी टॅमसुलोसिन (मूत्रवाहिनी सैल करणारं औषध) देऊन चार आठवडे वाट पाहू असं सांगितलंय.

सोबत काढा द्यायचा आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून ही यादी मिळाली: गोखरू, वायवर्ण्याची साल, पाषाणभेद, पुनर्नवा, यवक्षार. प्रमाण मात्र "चमचाभर टाका, उकळा" एवढंच. किती ग्रॅम, किती पाणी, किती आटवायचं? माल खरा आहे हे कसं ओळखायचं? आणि बीपीच्या गोळीबरोबर हे चालतं का?

निर्गुंडी

आधी यादीतल्या दोन गोष्टी बाजूला काढा: यवक्षार आणि पुनर्नवा. यवक्षार म्हणजे जवाच्या झाडाची राख पाण्यात विरघळवून, गाळून, आटवून काढलेला क्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात. टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. वर एका बाजूला किडनी तुंबलेली. अशा वेळी बाहेरून आणखी पोटॅशियम घालायचं नाही. पुनर्नवेतही ते बऱ्यापैकी असतं, आणि तिचं खरं काम सुजेवर आहे. किडनीची ही सूज लघवी तुंबल्यामुळे आलेली आहे, पायावरच्या सुजेसारखी ती पुनर्नवेने उतरणार नाही. याच कारणाने श्वेत पर्पटीही स्वतःहून आणू नका. ती कलमी सोऱ्याची असते, म्हणजे बहुतांश पोटॅशियम नायट्रेट.

उरले तीन: गोखरू, वायवर्ण्याची साल, पाषाणभेद. समभाग घ्या. भरड जाड रव्यासारखी हवी. पीठ केलंत तर काढा गाळताच येत नाही, तळाला चिखल बसतो आणि तो पोटात गेला की मळमळतं.

एका वेळेला तिन्ही मिळून १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी. भरड रात्रीच भिजत घाला. साल आणि मुळं कडक असतात, कोरडी टाकली तर आतपर्यंत पाणी पोचायच्या आधीच काढा आटून जातो. सकाळी स्टीलच्या भांड्यात, झाकण न ठेवता, मंद आचेवर ४० मिली उरेपर्यंत आटवा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत आटला तर आच मोठी होती, पाणी उडालं पण अर्क उतरला नाही. कपड्यातून पिळून गाळा. कोमट असताना, नाश्त्याआधी अर्धा तास घ्या. संध्याकाळी तसाच दुसरा, ताजा. सकाळचा काढा संध्याकाळपर्यंत ठेवू नका, उन्हाळ्यात तो सात-आठ तासांत आंबतो.

पित्ताचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी हा काढा जड जातो. पाषाणभेद तुरट आहे, मळमळ होते, काहींना मलावरोध होतो. मग जेवणानंतर तासाभराने घ्या. किंवा फक्त गोखरूचा क्षीरपाक करा: ५ ग्रॅम गोखरू, ४० मिली दूध, १६० मिली पाणी, आणि दुधाएवढंच उरेपर्यंत आटवणं. लघवीची आग होणाऱ्यांना तो जास्त मानवतो.

मुदतही सांगते: युरॉलॉजिस्टनी दिलेले चार आठवडे तीच काढ्याची मुदत. "काढा चालू आहे" म्हणून पुढची तारीख ढकलायची नाही. आणि काय देताय ते त्यांना सांगून द्या.

तणमोड

माल ओळखण्याबद्दल लिहितो, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. एकाच नावाखाली तीन-तीन वनस्पती विकल्या जातात.

गोखरू. हवा तो काटे गोखरू, म्हणजे आपला सराटा. रानात सायकलचं टायर पंक्चर करतो तोच. पिवळं पाचपाकळी फूल, जमिनीला चिकटून पसरणारा वेल. फळ पाच फोडींचं असतं आणि प्रत्येक फोडीला दोन मोठे, दोन लहान काटे. सुकल्यावर फोडी सुट्या होतात, म्हणून दुकानातल्या पुडीत अख्खी फळं कमी आणि फोडी जास्त दिसतात. ते योग्यच.

मोठं गोखरू, ज्याला हत्ती चराटा म्हणतात, ते वेगळं झाड. फळ मनोऱ्यासारखं, बुडाशी चार काटे. त्याची ताजी फांदी पाण्यात ढवळली की पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. तेही लघवीच्या तक्रारींवर वापरतात, धोकादायक नाही, पण वरच्या काढ्यातलं गोखरू ते नव्हे.

जपायचं ते शंकेश्वरापासून. काही भागांत त्यालाही गोखरू म्हणतात. फळ लांबट, बोराच्या बीएवढं, अंगभर आकडे, मेंढीच्या लोकरीला आणि कपड्याला चिकटणारं, टोकाला दोन चोची. त्याच्या बिया विषारी आहेत. यकृत निकामी होतं, रक्तातली साखर एकदम खाली जाते. पुडीत असं एकही फळ दिसलं तर ते तेवढं वेचून टाकू नका, पुडीच परत करा.

पुनर्नवा तुमच्या यादीतून निघालीच आहे, तरी वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: खरी पुनर्नवा म्हणजे घेटुळी. पानांची जोडी असमान, एक मोठं एक लहान, खालून पांढुरकी. बारीक गुलाबी फुलांचे तुरे आणि हाताला चिकटणारी फळं. मूळ जाड, वर्षानुवर्षं टिकणारं. तिच्या नावाने पावसाळ्यात खापरा विकतात. खापऱ्याची पानं मांसल आणि फूल पानाच्या बेचक्यात लपलेलं. खापऱ्यात ऑक्झलेट भरपूर असतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असलेल्या माणसाला किडनीचं औषध म्हणून खापरा देणं म्हणजे खड्याला खाऊ घालणं.

पाषाणभेदाचं तर प्रांतागणिक वेगळं. ग्रंथातला म्हणून आज मान्य आहे तो हिमालयातला, खडकांच्या फटीत उगवणारा. बाजारात त्याच्या मुळाचे तपकिरी, सुरकुतलेले तुकडे येतात. मोडला की आत लालसर, चवीला तुरट, आणि काढ्याला लालसर तपकिरी रंग चढतो. दक्षिणेत काही ठिकाणी पाषाणभेद म्हणून कापूरमाधुरी वापरतात. आपल्याकडे घराघरात कुंडीतली पानफुटी हाच पाषाणभेद समजतात. तिन्हींचे गुण सारखे धरू नका. कापूरमाधुरीतही ऑक्झलेट आहे, आणि तिच्या काढ्याने किडनी बिघडल्याच्या नोंदी झालेल्या आहेत.

वायवर्ण्यात फसवणूक कमी. साल बाहेरून राखाडी, आतून पिवळसर. फक्त जुनी, बुरशी लागलेली घेऊ नका. हातात चोळून वास घ्या, कुबट आला की नको. भरड करून आणण्यापेक्षा अख्खी साल, अख्खं मूळ आणून घरी खलबत्त्यात कुटलंत तर ओळख पटवता येते. भरडीत काय मिसळलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

गाळणी

वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडून, किडनीच्या बाजूने.

५ मिमीपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे साधारण ६८ टक्के लोकांत आपोआप पडतात, ५ ते १० मिमीतले साधारण ४७ टक्के. खडा जितका खाली, तितकी शक्यता जास्त. तुमचा मूत्राशयाच्या तोंडाशी आहे म्हणजे जागा चांगली. पण म्हणूनच "काढ्याने खडा विरघळला" या दाव्याकडे जपून पाहा. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, आणि बहुसंख्य खडे तेच असतात, तोंडाने घेतलेल्या कशानेही विरघळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा. लघवीचा पीएच (आम्ल-क्षारतेचं माप) ६.५ ते ७ च्या दरम्यान काही आठवडे ठेवला तर, आणि ते पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने, पीएचची पट्टी लावून, रक्तातलं पोटॅशियम पाहत करतात. जंतुसंसर्गाने झालेल्या खड्यात हेच केलं तर खडा वाढतो. म्हणून खडा कोणता, हे कळायला हवं.

ते कळायचा सोपा मार्ग: प्रत्येक वेळची लघवी चहाच्या बारीक गाळणीतून किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळा. पडलेला खडा वाळूच्या कणाएवढा असला तरी धुऊन, सुकवून, कोरड्या डबीत ठेवा आणि तपासणीला द्या. बहुतेक घरांत तो दाखवून झाल्यावर फेकला जातो, आणि दोन वर्षांनी पुढचा खडा होतो तेव्हा कशाचा ते पुन्हा कुणालाच माहीत नसतं.

दुसरं, दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. पूर्ण तुंबलेली किडनी कधीकधी गप्प बसते, कारण आतला दाब हळूहळू उतरतो आणि त्याबरोबर कामही. खडा हातात आला नसेल तर चार आठवड्यांनी सोनोग्राफी किंवा सीटी करायचाच.

थंडी वाजून ताप, लघवी बंद किंवा अगदी थोडी, उलट्या थांबत नाहीत, दुखणं गोळीने आटोक्यात येत नाही: यातलं काहीही झालं तर काढा ठेवून त्याच रात्री रुग्णालय. तुंबलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा प्रश्न असतो, तिथे नळी टाकून लघवी मोकळी करावी लागते. एकच किडनी असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि ज्यांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे त्यांनी घरगुती वाट पाहूच नये.

वेदनाशामक गोळ्याही दुकानातून परस्पर घेऊ नका. डायक्लोफेनॅक या कळेवर उत्तम काम करतं हे खरं, पण टेल्मिसार्टन, उलट्यांनी सुकलेलं शरीर आणि डायक्लोफेनॅक हे तिन्ही एकत्र आले की चांगली किडनीही बसते.

ओळखीच्या घोळात एक नाव राहिलं, सगळ्यात घातक: ईश्वरी, जिला सापसण म्हणतात, आणि तिच्या कुळातली किडामारी. यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९३ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी वजन घटवायच्या गोळ्या घेतलेल्या तरुण स्त्रियांच्या किडन्या झपाट्याने निकामी झाल्याचं नोंदवलं. एका चिनी वनस्पतीच्या जागी याच कुळातली दुसरी भरली गेली होती. पुढे त्यांतल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला. उकळल्याने हा धोका जात नाही, आणि झालेली इजा भरून येत नाही. "मूत्रविकारावर रामबाण" म्हणून घटक न लिहिलेली पुडी मिळाली तर ती घेऊच नका.

माणदेशी

खूप आभार. यवक्षार आणि पुनर्नवा काढली, गोखरू उलगडून पाहिलं, पाच फोडींचंच आहे. आणखी दोन गोष्टी. हुलग्याचं कळण रोज द्यावं का, कसं? आणि घरातल्याच ६८ वर्षांच्या आईंना अधूनमधून उन्हाळी लागते, मधुमेह आहे. त्यांना धन्याचं पाणी देतो, ते बरोबर आहे का?

तळकोकण

कळणाचं मी सांगते. ३० ग्रॅम कुळीथ, म्हणजे तुमचे हुलगेच, निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन रात्री भिजत घाला. निवडणं टाळू नका, कुळथात त्याच रंगाचे खडे असतात. सकाळी ६०० मिली पाण्यात उघड्या पातेल्यात शिजवा. फेस वर येतो, उतू जाईल म्हणून लक्ष ठेवा. दाणा बोटाने चेपला की पिठासारखा व्हायला हवा आणि पाणी निम्मं, तीनशेच्या आसपास, विटकरी रंगाचं. गाळून घ्या. हे झालं कळण. दोन वेळा दीड-दीडशे मिली, जिरं आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी देऊन. दाणे टाकू नका, उसळ करा.

चूक होते ती मिठात. कळण कोमट असताना मीठ घातलं की चव येते, मग वर पापड, लोणचं, आणि दिवसाचं मीठ कुठल्या कुठे जातं. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खड्याला तेच हवं असतं. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा. म्हणून कळणाला मीठ नाहीच, आंबटपणाला लिंबू. कोकमाचं आगळही नको, ते टिकतंच मुळी मिठावर. आंबट हवंच असेल तर बिनमिठाची सोलं भिजवा. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं आणि ते ऑक्झलेटचे स्फटिक विरघळवू शकतं असं २०१६ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं आहे, पण ते काचेच्या नळीतलं. सोलकढी पिऊन खडा गेला असं त्यावरून म्हणता येत नाही.

कुळीथ उष्ण. अंगावर जास्त जाणाऱ्या बायकांना आणि गर्भवतींना रोज देत नाहीत. युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर रोज नको, आठवड्यातून दोनदा.

आणि बिंबलांचा रस मुळीच नको. कोकणातून केरळपर्यंत घराच्या मागे हे झाड असतं आणि कोलेस्टेरॉलवर, लघवीवर म्हणून रस काढून पितात. २०१३ साली केरळमधल्या पाच रुग्णालयांतले दहा रुग्ण नोंदवले गेले, सगळ्यांच्या किडन्या या रसाने एकाएकी बंद पडलेल्या, सात जणांना डायलिसिस लागलं. आमटीत दोन फोडी घालणं वेगळं आणि पेलाभर रस वेगळा. कमरखाचंही तसंच. ज्यांच्या किडन्या आधीच कमजोर आहेत त्यांना एखाद-दुसऱ्या फळानेही न थांबणाऱ्या उचक्या आणि भ्रम होऊ शकतो.

गाळणी

कळणाला माझी हरकत नाही, पण त्याला पाण्यात मोजा. खडा परत होऊ नये यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा पाण्याचाच आहे. इटलीतल्या १९९६ च्या अभ्यासात पहिला खडा पडल्यावर भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. किती प्यायलात ते मोजू नका, किती लघवी झाली ते मोजा. एक दिवस घरी थांबून लिटरच्या मापात साठवा. अडीच लिटर व्हायला हवी. माणदेशाच्या उन्हात त्यासाठी चार लिटर प्यावं लागेल, एसीत बसणाऱ्याला तीन पुरेल. मात्र कळ चालू असताना एकदम तांब्याच्या तांब्या रिचवू नका, तुंबलेल्या जागेच्या मागे दाब वाढतो आणि दुखणं वाढतं.

दूध-दही बंद केलं असेल तर परत सुरू करा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून बाहेर नेतं. अळूच्या भाजीबरोबर ताक घ्यायची आपली पद्धत इथे अगदी उपयोगी आहे. पालकाचा कच्चा रस मात्र बंद.

निर्गुंडी

आईंबद्दल. धन्याचं हिम असं: १० ग्रॅम धने जाडसर ठेचून २०० मिली पाण्यात रात्रभर, शक्यतो मातीच्या भांड्यात. सकाळी हाताने कुस्करून गाळायचं आणि तसंच प्यायचं. उकळायचं नाही, उकळलं की धन्याचा सुगंधी अंश उडतो आणि थंडावाही कमी होतो. मधुमेह आहे म्हणून खडीसाखर नको. माठात वाळ्याची जुडी टाकत असाल तर ती चार दिवसांनी उन्हात कडक वाळवा, ओलसर राहिली की बुळबुळीत होते.

पण मधुमेहात, ६८ व्या वर्षी, वारंवार लागणारी उन्हाळी ही नुसती उष्णता धरून चालू नका. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (कोणते जंतू वाढतात ते पाहणारी तपासणी), दोन्ही, प्रतिजैविक सुरू करायच्या आधी. आधी धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत. कल्चरमध्ये जंतू निघाले तर धने-वाळा सोबतीला चालतील, उपचार म्हणून नाही. कंबरेत दुखून ताप आला तर जंतू किडनीपर्यंत पोचलेत असं समजा.

मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का तेही पाहा. त्याने लघवीतून साखर जाते आणि बाहेरच्या जागी बुरशी होऊन खाज-जळजळ होते. धन्याच्या पाण्याने ती जाणार नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक दिलं गेलं तर जळजळीवरचं क्षाराचं सरबत सोबत घेऊ नका, लघवी आम्लधर्मी असेल तेव्हाच ते औषध नीट चालतं.

क्रॅनबेरीचं कुणी सुचवलं तर: वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत ती पुन्हा होणं काही प्रमाणात टाळते, झालेला बरा करत नाही. आणि करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे, लाल रंगात मुरवून विकतात ते तर अजिबात नव्हे.

शहाळं? १०० मिलीत साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. तुमच्या घरच्या दोघांनाही आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहून मगच, आणि रोज दोन-दोन नको.

माणदेशी

आईंचा नमुना उद्या सकाळी देतो. गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं: शेजारून पानफुटीची पानं आली आहेत, रोज दोन चावून खा म्हणतात. काढ्याबरोबर चालतील?

तणमोड

सोबत नको. एका वेळी एकच, म्हणजे काही बिघडलं तर कशाने ते कळेल. पानफुटीत हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात, ती चरून गुरं दगावतात. माणसाला एक-दोन पानांनी सहसा काही होत नाही, पण हृदयाची औषधं, विशेषतः डिगॉक्सिन, चालू असणाऱ्याने ती खाऊच नये. एकाच झाडाचं पान पहाटे आंबट लागतं आणि संध्याकाळी जवळपास बेचव, कारण ते रात्री आम्ल साठवतं आणि दिवसा वापरून टाकतं. तेव्हा सकाळच्या पानाची आंबट चव हा औषधाचा जोर समजू नका. पानं कुंडीत ठेवा, कडेने रोपं फुटतील.